पावसात चिकटवलेली तबली

अंगुस्तियासच्या उजव्या हाताची पहिली तीन बोटं कायम मधाच्या रंगाची असतात. साबण लावा, लिंबू घासा, काही उपयोग नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला वाटतं, ही दिवसाला दोन पाकिटं ओढत असणार, आणि ती बाई नाक मुरडून खिडकीकडे तोंड करते. खरं तर अंगुस्तियासने आयुष्यात एकच सिगारेट ओढली, तीही स्वतःच्या लग्नात, आणि खोकून खोकून नवरीचा पोशाख उसवायची वेळ आली होती. बोटांचा तो रंग चपड्याचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. गिटारीला पॉलिश करायची लाख.

ग्रानादाच्या रेआलेखो भागात एका चढाच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. नवरा एवारिस्तो लाकूड कापतो, वाकवतो, जोडतो, आणि गिटार तयार झाली की जिन्यावरून हाक मारतो, "बाळ न्हाऊ घालायला पाठवतोय गं!" मग ती गिटार वर स्वयंपाकघरात येते आणि पुढचा दीड महिना अंगुस्तियासची असते.

तेविसाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा सासूने तिला टेबलाशी बसवलं आणि हातात कापसाचा बोळा दिला, जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला. त्याला तिकडे सगळे बाहुली म्हणतात. बाहुलीला थोडा चपडा पाजायचा, वर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब, आणि लाकडावरून गोल गोल फिरवत राहायचं. सासू म्हणाली, "थांबलीस की चिकटली. चिकटली की ओरबाडलं. म्हणून थांबायचं नाही. रडू आलं तरी हात चालू ठेवायचा." चौतीस वर्षं झाली. सासू गेली, टेबल तेच आहे.

गिटारीच्या आत, गोल भोकातून दिसेल असा एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर एवारिस्तोचं नाव. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आणि तुमचं नाव कुठे असतं हो?" तर अंगुस्तियास म्हणाली, "नाव आत अंधारात चिकटवतात. माझं काम उजेडात असतं." गिऱ्हाईक हसलं. ती मात्र हसत नव्हती, तिला खरंच तसं वाटतं.

तर त्या वर्षी काय झालं, की निएवेस नावाच्या मुलीने गिटार करायला सांगितली होती. निएवेस ग्वादिक्स गावच्या नाचशाळेत वाजवते. रोज सहा तास, पोरींच्या बुटांच्या टाचांच्या आवाजावर आवाज काढत. पहिल्यांदा स्वतःसाठी नवीन गिटार घेत होती, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी यायची आणि न झालेल्या गिटारीकडे नुसती बघून जायची. लहान बाळ बघायला येतात तशी.

आणि मध्येच पवित्र आठवडा आला, ईस्टरच्या आधीचा, पालख्यांचा. एवारिस्तो चौतीस वर्षं देवळातल्या मातेच्या मूर्तीच्या पालखीचा भोई. पालखी म्हणजे अख्खी लाकडी इमारतच, खाली तीस-चाळीस पुरुष मानेवर घेऊन चालतात, बाहेरच्यांना फक्त त्यांची पावलं दिसतात. त्यांच्या मंडळाचा नियम असा की साठ पूर्ण झाली की खांदा सोडायचा. एवारिस्तोला साठ लागली होती. म्हणजे त्या बुधवारची पालखी ही त्याची शेवटची. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मानेवर बांधायचं गोणपाट दोनदा धुतलं, कमरेचा काळा पट्टा इस्त्री केला. पट्ट्याला कोण इस्त्री करतं? यानं केली.

आणि बुधवारी सकाळपासून पाऊस. साधा नाही, धो धो. दुपारी दोन वाजता देवळात सगळे भोई तयार होऊन उभे, प्रमुखाने आभाळाकडे बघितलं, मान हलवली, आणि पालखी निघणार नाही असं सांगितलं. मोठमोठे बाप्ये देवळाच्या खांबांना टेकून लहान मुलांसारखे रडले. अंगुस्तियास तिथेच होती. एवारिस्तो मात्र रडला नाही. तो सरळ निघाला, भिजत दुकानात गेला आणि आतून कडी लावली.

संध्याकाळी कडी निघाली तेव्हा ती खाली गेली, मधात घोळवलेल्या तळलेल्या पावाची ताटली घेऊन. एवारिस्तो बाकावर बसून आता रडत होता. त्याच्यासमोर निएवेसच्या गिटारीची तबली, म्हणजे वरचा पातळ पांढऱ्या लाकडाचा पाट, शिकंज्यांत आवळलेली. खालच्या सगळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, कडासुद्धा चिकटवलेल्या. एका दुपारीत दोन दिवसांचं काम.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. दुकानाच्या दाराशी एक वीतभर पट्टी टांगलेली असते. दोन पातळ लाकडं, एक उभ्या रेषांचं, एक आडव्या रेषांचं, एकमेकांना चिकटवलेली. हवेत ओल आली की ती एका अंगाला वाकते, हवा सुकली की दुसऱ्या अंगाला. एवारिस्तोच्या बापाने केलेली. घरात तिला चहाडखोर म्हणतात, कारण ती आभाळाच्या चहाड्या सांगते. ती सरळ असेल त्याच दिवशी तबलीला सरस लावायचा, नाहीतर त्या दिवशी झाडू मारा, हत्यारांना धार लावा, काहीही करा, पण सरसाचं भांडं चुलीवर ठेवायचं नाही. या नियमावर एवारिस्तो कधी कधी गिऱ्हाइकाला महिनाभर थांबवतो. ओलं लाकूड फुगलेलं असतं ना. फुगलेलं असताना जखडलं तर उन्हाळ्यात ते आकसायला बघतं, आकसायला जागा मिळत नाही, आणि मग ते फाटतं.

त्या संध्याकाळी चहाडखोर दिसत नव्हती. तिच्यावर एवारिस्तोचा ओला काळा पट्टा टांगलेला होता. अंगुस्तियासने तो धुवायला म्हणून काढला, आणि खाली पट्टी धनुष्यासारखी वाकलेली.

तिने पट्टीकडे बघितलं. शिकंज्यांकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. सरस ताजा होता, दुसऱ्या दिवशीसुद्धा गरम सुरीने सगळं सोडवता आलं असतं. पण माणूस चौतीस वर्षांचं रडू रडत होता हो. त्याला काय सांगणार, की बाबा, आज तुझी पालखी गेली आणि वर तबलीही गेली? ती म्हणाली, "पाव खा, गार होईल." आणि पट्टा घेऊन वर गेली.

मग मे महिन्यात गिटार न्हायला वर आली. अंगुस्तियासने दीड महिना तिच्यावर बाहुली फिरवली, थरावर थर, थरावर थर, आणि प्रत्येक थराला ठरवलं, आज सांगते. जूनच्या शेवटी निएवेस गिटार घेऊन गेली. दारातच वाजवली. आवाज इतका मोकळा होता की समोरच्या बेकरीवालीने पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. अंगुस्तियासने मनात म्हटलं, होईल नीट. काही लाकडं सोसतात.

जुलैच्या शेवटी निएवेस बसने आली. गिटारीची पेटी मांडीवर घेऊन, दवाखान्यात आणतात तशी.

"उस्ताद, मी काही नाही केलं," ती दुकानात शिरताच म्हणाली. "उन्हात नाही ठेवली, गाडीत नाही ठेवली, कुणाला हात नाही लावू दिला. परवा वर्गात टक् असा आवाज आला. मला वाटलं कुणाची टाच मोडली."

घोडीच्या, म्हणजे तारा बांधतात त्या पट्टीच्या अलीकडे, लाकडाच्या रेषेच्या अंगाने, एक भेग. बोटाएवढी लांब. नखाने जाणवेल इतकी.

एवारिस्तोने गिटार खिडकीशी नेली. आत छोटा आरसा घालून बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण बोलला रुबाबात. "ग्वादिक्सची कोरडी हवा. पाणी हवंय तिला. दोन आठवडे ठेव माझ्याकडे."

"उस्ताद, ती बरी होईल ना?"

"अगं, मी चाळीस वर्षं काय भाजी विकतोय का?"

अंगुस्तियास जिन्यात उभी होती. ती बोलली नाही. दुसऱ्यांदा.

एवारिस्तोने पद्धतशीर केलं सगळं. ओला स्पंज डबीत घालून गिटारीच्या पोटात ठेवला, पेटी बंद, आठ दिवस. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, भेग मिटली. मग गरम सरस बोटाने भेगेत दाबून भरला, आतून पांढऱ्या लाकडाची चार छोटी थिगळं आडवी चिकटवली. काम इतकं साफ की बघत राहावं. फक्त पॉलिशचा विचका झाला. त्या ओलीने भेगेभोवती तळहाताएवढी जागा दुधाळ पांढरी पडली, गरम ग्लास ठेवल्यावर टेबलावर डाग पडतो तशी. एवारिस्तो म्हणाला, "ते तुझं. तू काढशील."

"काढीन," अंगुस्तियास म्हणाली. "आधी जरा टांगून ठेवू. बघू."

"काय बघायचंय?"

"काही नाही. टांगून ठेवू."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आतल्या पठारावरून तो गरम वारा सुटला. तो सुटला की ग्रानादात माणसं दुपारी पडदे ओढून मेल्यासारखी पडतात आणि दारांच्या चौकटी आपोआप कडकड वाजतात. चहाडखोर उलट्या बाजूला वळून पार कमान झाली. गुरुवारी सकाळी एवारिस्तोने गिटार खाली काढली. थिगळं जागच्या जागी होती, अगदी शहाण्यासारखी. पण शेवटच्या थिगळाच्या पुढे भेग पुन्हा चालायला लागली होती, आणि या वेळी थेट घोडीखाली शिरली होती.

तो ओरडला नाही, त्याने काही फेकलंही नाही. अंगुस्तियासला ओरडणं परवडलं असतं. त्याने गिटार टेबलावर ठेवली, ॲप्रन काढला, घडी घातली, आणि म्हणाला, "झालं. हात गेला माझा."

"काय बोलतोस?"

"बोलायचं काय त्यात? मानेतनं गेलो, आता हातातनं. माझी तबली कधी फाटली होती? आजवर एक सांग. आता दुरुस्तीसुद्धा टिकत नाही. निएवेसला तिचे पैसे परत देऊ. मालागाचा तो माणूस दरवर्षी विचारतो ना माळ्यावरच्या लाकडाचं? त्याला फोन केलाय. सोमवारी टेम्पो घेऊन येतोय."

"सगळं लाकूड?"

"लाकूड काय लोणचं घालायला ठेवू?"

माळ्यावर त्याच्या बापाने ठेवलेलं लाकूड होतं. तीस वर्षं सुकलेलं. ते गेलं की दुकान म्हणजे नुसती चार भिंतींची खोली. अंगुस्तियासला कळलं की सोमवारपर्यंत ती बोलली नाही, तर हा माणूस उरलेलं आयुष्य खिडकीत बसून गल्लीतली मांजरं मोजणार. आणि स्वतःच्या हातांना दोष देत राहणार, ज्या हातांची काही चूक नव्हती.

म्हणजे एका दुपारची होती, पण हातांची नव्हती ना!

शुक्रवारी तिने तीनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा खिडकी लाव म्हणाली, एकदा नुसतीच जांभई दिली. शनिवारी जेवायला बसले होते, टोमॅटोचं गार सार, पाव, ऑलिव्ह. तिने चमचा खाली ठेवला.

"एवारिस्तो, मला एक सांगायचंय, मध्ये बोलू नकोस, नाहीतर पुन्हा राहील."

"सार खारट झालंय, माहितेय."

"गप्प बस! बुधवारी, त्या बुधवारी, तू तबली चिकटवलीस तेव्हा चहाडखोर पार वाकलेली होती. ओलीकडे. मी बघितली. तुझा पट्टा तिच्यावर टांगलेला होता, तो मी काढला तेव्हा बघितली. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तू पावसात चिकटवलंस, एवढंच झालंय."

एवारिस्तोने पावाचा तुकडा सारात बुडवला होता, तो बुडालाच.

"तू बघितलीस."

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"आणि मग त्याच्यावर दीड महिना पॉलिश केलंस?"

"हो." तिचा आवाज आता फाटला. "रोज वाटायचं सांगते. तू इतका रडत होतास रे. मग तू हसायला लागलास, तेव्हा वाटलं आता कशाला. मग निएवेस आली. मग तू पाणी घालत बसलास, आणि मला माहीत होतं पाण्याने नाही होणार, तरी मी..."

एवारिस्तो उठला. टोपी घेतली आणि बाहेर पडला, भर दुपारच्या त्या वाऱ्यात, ज्यात कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. दोन तासांनी आला, लाल होऊन, आणि तिच्याशी न बोलता झोपला. रविवारी सकाळी कॉफी स्वतः केली. एकट्यापुरती. अंगुस्तियासने ते बघितलं. चौतीस वर्षांत त्याने एकट्यापुरती कॉफी कधी केली नव्हती. त्याला यायचीच नाही, पातेलं उतू गेलं.

ती टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. थांबायचं नाही, हात चालू ठेवायचा. सोलून सोलून एवढे बटाटे झाले की गल्लीला जेवण घालता आलं असतं.

दुपारी एवारिस्तो दारात येऊन उभा राहिला.

"किती?"

"काय किती?"

"किती वाकलेली होती?"

तिने एक बटाट्याचं लांब साल उचललं, दोन्ही हातांच्या बोटांत धरलं आणि वाकवलं. जरा विचार केला. आणखी वाकवलं. "एवढी."

एवारिस्तो जवळ आला. वाकून सालाकडे बघत राहिला. मग त्याच्या ओठांची हालचाल सुरू झाली, तो मनात हिशेब करतो तेव्हा होते तशी.

"एवढी?" तो म्हणाला. "अगं, एवढी म्हणजे तबली किती फुगली असेल! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन नखं तरी! आणि मी गाढव तिला वर आणखी पाणी पाजतोय! ती ओरडतेय, मला जागा द्या, आणि मी म्हणतोय, पाणी पी, पाणी पी!" त्याने खुर्ची ओढली, बसला. "भेग मिटवायचीच नाही. वारा आहे तोवर, तबली पुरती सुकलेली असताना, जेवढी उघडायचीय तेवढी उघडू दे. आणि त्या फटीत लाकडाची काडी बसवायची. मग ती कितीही सुकली तरी तिच्याकडे पुरेसं लाकूड असेल."

"म्हणजे होईल?"

"होईल का विचारतेस! लहान पोरगंही करेल." तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तो पट्टा मी चहाडखोरवर का टांगला, मला आठवत नाही."

"मला माहितेय का टांगलास."

"मलाही माहितेय," एवारिस्तो म्हणाला. मग रुबाब परत आला. "पण तू बोलायला हवं होतंस. मी रडत होतो, बहिरा नव्हतो."

"तू पण बघायला हवं होतंस. तू रडत होतास, आंधळा नव्हतास."

"बरं. बटाट्यांचं काय करणारेस? सैन्य येतंय का?"

सोमवारी मालागाचा माणूस टेम्पो घेऊन आला तेव्हा दुकानात सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलेलं होतं आणि एवारिस्तो जमिनीवर मांडी घालून सिगारच्या जुन्या पेट्या उपसत होता. त्याची एक सवय आहे. प्रत्येक गिटारीच्या तबलीचा उरलेला तुकडा तो दोऱ्याने बांधून, वर गिटारीचा क्रमांक लिहून ठेवतो. त्याचा बापही ठेवायचा. तिकडचे सगळे त्याला हसतात, की गिटारी विकल्या आणि नखं जपून ठेवली.

"लाकूड?" माणसाने विचारलं.

"नाही देत."

"अहो, तुम्हीच फोन केलात!"

"केला होता. तेव्हा मला वाटलं माझा हात गेला. मग बायको म्हणाली, डोकं गेलं होतं. डोकं परत आलंय. या, बसा, बटाट्याचं ऑम्लेट खाऊन जा. घरात बटाटे फार झालेत."

माणूस आधी फुरंगटला, मग दोन मोठे तुकडे खाऊन गेला.

निएवेसच्या तबलीचा तुकडा सापडला. त्याच झाडाचा, त्याच फळीचा, तशाच दाट रेषा. एवारिस्तोने आधी भेगेच्या कडा अगदी पातळ सुरीने साफ केल्या. मग त्या तुकड्यातून केसाएवढी काडी तासली, एका अंगाला निमुळती. चार काड्या वाया गेल्या. एक तुटली, एक जाड झाली, एकीच्या रेषा तिरक्या निघाल्या, आणि चौथी अंगुस्तियासच्या शिंकेने उडाली ती आजतागायत सापडली नाही.

"शिंकायचंच होतं तर काल शिंकायचंस!"

"काल दुपारपर्यंत तू माझ्याशी बोलत नव्हतास, कुणाला सांगून शिंकू?"

पाचवी बसली. सरस लावून त्याने ती फटीत सरकवली तेव्हा अंगुस्तियासने एका हातात दिवा आणि एका हातात गिटारीच्या पोटात आरसा धरला होता. दोघांनी श्वास रोखलेला. आत आरशात ती काडी दुसऱ्या बाजूने डोकावली, सरसाच्या एका छोट्या थेंबासकट. ती म्हणाली, "आली. मी बघतेय तिला." तसा त्याने श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी वर राहिलेली काडी पटाशीने आणि पात्याने घासून सपाट केली, घोडीखाली आणखी एक थिगळ लावलं, आणि जिन्यावरून हाक आली, "बाळ न्हाऊ घालायला पाठवतोय गं!"

आता पॉलिश. एवारिस्तोचं म्हणणं, फक्त तेवढ्या जागेपुरतं कर, दुधाळ डाग पूस, काडीवर चार थर मार, झालं. अंगुस्तियासने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पायऱ्या खाली उतरला.

"ठिगळासारखं दिसेल. जुना चपडा पिवळा झालाय, नवा कोवळा आहे. सगळी तबली उतरवणार मी."

"सगळी? दीड महिन्याचं काम?"

"दीड महिन्याचंच तर होतं. खोटं बोलत केलेलं. ते मला नकोच आहे तिच्या अंगावर."

तिने स्पिरिटने सगळी तबली धुतली. मऊ कापडावर तिचे मेपासून जूनपर्यंतचे सगळे थर मधासारखे उतरून आले, त्यांच्याबरोबर तो पांढरा धुरकटपणाही. खाली लाकूड पुन्हा उघडं, कोवळं, काडीची रेष शेजारच्या रेषांहून जराशी उजळ. तिने आठवडाभर गिटार खिडकीशी नुसती ठेवली, लाकडातली ओल जाईपर्यंत. घाई करून ओलीवर चपडा चढवला की तो पुन्हा दुधाळ पडतो. मग बाहुली नवी केली. बनियन एवारिस्तोचं, पालखीखाली घालायचं, आता त्याला लागणार नव्हतं. तिने विचारलं, "फाडू?" तो बनियन बोटांत चोळत म्हणाला, "फाड. चांगलं मऊ झालंय ते."

या वेळी त्याने हट्ट धरला की मलाही शिकव. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तिने एक जुनी फळी दिली. पाचव्या मिनिटाला बाहुली चिकटली आणि फळीवर कापसाची दाढी उगवली.

"थांबलास."

"नाही थांबलो! विचार करत होतो."

"विचार हात चालू ठेवून करायचा."

सप्टेंबरमध्ये तो वारा आणखी दोनदा आला. चहाडखोर दोन्ही वेळा कमान झाली. अंगुस्तियास दोन्ही वेळा उठल्या उठल्या अनवाणी गिटारीकडे गेली, तबलीवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. पहिल्या वेळी तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी जिन्यावरून ओरडली, "टिकली रे!" आणि खालून रंध्याचा आवाज थांबला, मग एवारिस्तो म्हणाला, "टिकणारच होती," पण त्याचा आवाज जरा ओला होता.

ऑक्टोबरात निएवेस आली. गिटार हातात घेतली, उलटली, सुलटली, भेग शोधली. "अंगुस्तियासबाई, कुठे होती? दिसतसुद्धा नाही!"

एवारिस्तो मिशीत हसायला लागला होता. तेवढ्यात अंगुस्तियासने गिटार निएवेसच्या हातातून घेतली आणि खिडकीकडे तिरकी धरली. "इकडून बघ. उजेड आडवा पडला की दिसते. केसासारखी. दिसली?"

"हं. आता दिसली."

"नीट बघून घे. तबली ओल्या दिवशी चिकटवली होती, म्हणून फाटली. तुझी काही चूक नव्हती. आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नको असेल तर ठेवून जा, दुसरी करून देऊ. कोरड्या दिवशी."

एवारिस्तो आपल्या बुटांकडे बघत होता. निएवेसने गिटार परत घेतली, बाकावर बसली आणि तारा लावल्या. वाजवायला लागली, आधी हळू, मग नाचशाळेत वाजवते तशी, सगळा हात टाकून, नखांनी तबलीवर ठोके देत, नेमके त्या काडीवर. अंगुस्तियास प्रत्येक ठोक्याला ॲप्रनला बोटं पुसत होती. दहा मिनिटांनी निएवेस थांबली.

"हिला आता सवय झालीय," ती म्हणाली. "पहिल्यांदा आवाज चांगला होता, पण जरा आवळलेला होता. मला वाटायचं नवी आहे म्हणून. आता बघा कशी मोकळी बोलते. दुसरी नको मला." आणि मग जाताना दारात थबकून म्हणाली, "आतल्या कागदावर तुमचं नाव नाहीये, बाई."

"नाही, मग?"

"काही नाही. खरं सांगणाऱ्या माणसाचं नाव गिटारीत असावं म्हणून म्हटलं."

कागदाचं पुढे काही झालं नाही. एवारिस्तो दोन दिवस पेन घेऊन फिरला, पण अंगुस्तियास म्हणाली, "अंधारात मला करमत नाही, तुझं तू राहा तिथे." त्याने दुसरंच केलं. हिवाळ्यात दोन पातळ पट्ट्या तासल्या, एक उभ्या रेषांची, एक आडव्या, चिकटवल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगल्या. दुसरी चहाडखोर. "वरच्या मजल्यासाठी," तो म्हणाला. "आता दोघी बघतील. एक गप्प बसली तर दुसरी बोलेल."

पुढच्या वर्षी पवित्र आठवड्यात मंगळवारपर्यंत ऊन होतं. बुधवारी दुपारी पुन्हा आभाळ भरून आलं. एवारिस्तो आता भोई नव्हता, पण सकाळपासून घरात येरझारा घालत होता, खिडकीत जात होता, परत येत होता. दोन वाजता पहिले थेंब पडले आणि देवळाकडून निरोप आला की या वर्षीही नाही. तो उठला आणि खाली जाऊन दुकानाच्या दाराची मूठ फिरवली.

दार उघडेना.

"अंगुस्तियास, चावी कुठाय?"

तिने वरून ॲप्रनच्या खिशावर हात ठेवला. किल्ली तिथेच होती. स्वयंपाकघरातली चहाडखोर चांगली वाकून बसली होती.

"वर ये," ती म्हणाली. "दूध तापलंय. पाव तू भिजव, मी तळते. आणि रडायचं असेल तर इथे बसून रड, पण हात चालू ठेव."